आवाज कोठे अडला?

लिहिलेला शब्द डोळ्यांनी वाचता येतो. कागद जुना झाला, शाई फिकी पडली, तरी तो उजेडात धरून अक्षरे लावता येतात. साठविलेल्या आवाजाचे तसे नाही. तो कानांपर्यंत पोहोचण्यास यंत्राचे साहाय्य लागते. आणि यंत्र मुके झाले, की आवाज घरात असूनही नाहीसा झाल्यासारखा वाटतो. साताऱ्याच्या एका घरात एकदा असाच प्रसंग आला होता.

त्या घरात आजोबा, आईवडील आणि दोन मुले राहत. मुलगा आठवीत होता व त्याची बहीण सहावीत. मुलांची आजी काही वर्षांपूर्वी वारली होती. तिची तिथी दुसऱ्या दिवशी होती आणि त्यासाठी मुंबईहून आत्या येणार होती. २००९ साली आत्याचे लग्न झाले, तेव्हा घरी जात्यावर हळद दळली गेली. आजीने दळता दळता ओव्या म्हटल्या आणि मुलांच्या वडिलांनी त्या आपल्या मोबाइलमध्ये मुद्रित करून ठेवल्या. पुढे तो मोबाइल बिघडला. परंतु तत्पूर्वी त्यांनी ती सात मिनिटांची फाइल घरच्या संगणकावर उतरवून घेतली होती. आजीच्या आवाजाची तेवढी एकच खूण घरात उरली होती. आत्याने ती लग्नानंतर कधीच ऐकली नव्हती.

संध्याकाळी दोघे भावंडे संगणकापुढे बसली. आजोबा मागे आरामखुर्चीत बसले होते. मुलाने फाइल शोधून काढली व तिच्यावर दोनदा टिचकी दिली. संगणकासोबत आलेला प्लेअर उघडला. पण ओव्यांऐवजी पडद्यावर एक सूचना उमटली. ही फाइल वाजविता येत नाही, असा तिचा आशय होता.

मुलाचा चेहरा उतरला. "फाइल खराब झाली वाटते," तो म्हणाला.

आजोबा उठले. कपाटातून त्यांनी एक पिवळा पडलेला कागद काढला व नातवापुढे धरला. "हा वाच पाहू."

"आजोबा, ही तर मोडी लिपी. मला ती येत नाही."

"मग कागद खराब आहे का?"

मुलगा हसला. कागद चांगला होता. वाचणाऱ्यास लिपी ठाऊक नव्हती एवढेच. फाइलीच्या बाबतीतही तसेच असू शकेल, हे त्याच्या ध्यानात आले.

ध्वनी म्हणजे हवेतील कंप होय. मायक्रोफोन या कंपांचे विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो आणि मोबाइल किंवा संगणक हे चढउतार ठरावीक अंतराने मोजून त्यांचे आकडे लिहून ठेवतो. हे आकडे लिहिण्याच्या रीती मात्र निरनिराळ्या आहेत. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंच्या आवाजाची मोजणी एका सेकंदात प्रत्येकी ४४,१०० वेळा केलेली असते. या रीतीने सात मिनिटांचे गाणे लिहावयाचे, तर सुमारे ७ कोटी ४० लाख बाइट इतकी जागा लागते. पुढे जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मनुष्याच्या कानास न जाणवणारा ध्वनीचा अंश गाळून फाइल पुष्कळच लहान करण्याची युक्ती काढली. अशा फाइलीच्या नावाअखेरीस जोडण्याचे 'एमपीथ्री' हे चिन्ह १४ जुलै १९९५ रोजी निश्चित झाले. मोबाइलवरील संभाषणासाठी 'एएमआर' नावाची आणखी एक रीत वापरात आली. तिच्यात एका सेकंदात केवळ ८,००० वेळा मोजणी होते. त्यामुळे सात मिनिटांचे बोलणे सात लाखांहूनही कमी बाइटांत मावते. त्या काळचे अनेक मोबाइल आवाज याच रीतीने साठवीत असत. आजीच्या ओव्यांच्या फाइलीच्या नावाअखेरीस 'एएमआर' हीच अक्षरे होती. संगणकावरील प्लेअरला ही लिपी येत नव्हती.

मुलाला एक युक्ती सुचली. त्याने फाइलीच्या नावातील 'एएमआर' ही अक्षरे पुसून तेथे 'एमपीथ्री' असे लिहिले आणि पुन्हा टिचकी दिली. प्लेअरने पुन्हा नकारच दिला.

"दादा, मोडी कागदाच्या पाकिटावर देवनागरी असे लिहिले, म्हणून आतली अक्षरे बदलतील का?" बहीण म्हणाली. "आधीचे नाव परत दे. आणि आणखी काही करण्यापूर्वी फाइलीची एक नक्कल काढून ठेवू. आपल्या हातून काही चुकले, तर आजीचा आवाज पुन्हा कोठून आणावयाचा?"

हे बोलणे मुलास पटले. त्याने जुने नाव परत दिले, फाइलीची नक्कल पेन ड्राइव्हवर उतरविली आणि तो पेन ड्राइव्ह काढून आजोबांच्या हाती दिला. नक्कल काढण्यास अर्धे मिनिटही लागले नाही. पण तेवढ्याने मनावरचे ओझे उतरले.

आता ही लिपी वाचणारा प्लेअर हवा होता. मुलाने इंटरनेटवर शोध घेतला. पहिल्याच पानावर मोठे हिरवे बटण लुकलुकत होते. संगणकात आवश्यक भाग नाहीत, ते ताबडतोब भरून घ्यावेत, असे तेथे लिहिले होते. मुलाचे बोट माउसवर टेकले होते, एवढ्यात आजोबांनी विचारले, "हे देणारा कोण आहे?"

पानावर कोणाचेच नाव नव्हते.

"ताप आला म्हणून रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या हातची पुडी आपण घेतो का? औषध ओळखीच्या दुकानातूनच आणावे. हेही तसेच."

मुलाने ते पान बंद केले. अशा बटणांच्या मागे पुष्कळदा नको ते प्रोग्राम दडलेले असतात. ते संगणक मंद करतात आणि कधी कधी मालकाची खासगी माहितीही चोरतात. म्हणून कोणताही प्रोग्राम त्याच्या कर्त्यांच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच घ्यावा, हा मार्ग उत्तम. मुलांच्या शाळेतील संगणकावर 'व्हीएलसी' नावाचा प्लेअर होता. तो व्हिडिओलॅन ही संस्था तयार करते, हे बहिणीस ठाऊक होते. त्यांनी त्या संस्थेचेच संकेतस्थळ उघडले.

या प्लेअरची जन्मकथा मनोरंजक आहे. पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ साली एक प्रकल्प हाती घेतला. विद्यालयाच्या आवारातील संगणकांच्या जाळ्यातून चित्रफिती पाठविता व पाहता याव्यात, हा त्यांचा हेतू होता. १ फेब्रुवारी २००१ रोजी विद्यालयाच्या अनुमतीने हा प्रोग्राम सर्वांसाठी खुला झाला. तो विनामूल्य मिळतो. एवढेच नव्हे, तर त्याची घडण कशी आहे हेही कोणास पाहता येते व तीत सुधारणा करता येते. वाहनांस अडविण्यासाठी रस्त्यावर ठेवतात तसा नारिंगी-पांढरा शंकू हे त्याचे चिन्ह आहे. ध्वनीच्या व चित्रांच्या पुष्कळ लिपी वाचण्याची विद्या या प्लेअरच्या पोटातच असते; तिच्यासाठी वेगळे भाग आणावे लागत नाहीत.

थोड्याच वेळात फाइल डाउनलोड झाली. "झाले का काम?" आजोबांनी विचारले.

काम अजून झाले नव्हते. डाउनलोड केलेली फाइल म्हणजे प्रोग्राम नव्हे, तर प्रोग्राम बांधून आणलेले गाठोडे होय. ते सोडून त्यातील प्रत्येक वस्तू संगणकात तिच्या जागी ठेवावी लागते आणि नव्या पाहुण्याची नोंद संगणकाच्या यादीत करावी लागते. या कामास इन्स्टॉल करणे असे म्हणतात. मुलाने गाठोड्यावर टिचकी देताच संगणकाने परवानगी विचारली. ती देण्यापूर्वी बहिणीने कर्त्याचे नाव वाचून पाहिले. ते व्हिडिओलॅन असेच होते. पुढे एकामागून एक पाने येत गेली. मुलगा न वाचताच भराभर पुढे जाऊ लागला, तेव्हा बहिणीने त्याचा हात धरला. प्रोग्राम कोठे ठेवावा, कोणते भाग घ्यावेत, असे प्रश्न त्या पानांवर होते. ते वाचून उत्तरे देण्यास दोन मिनिटे लागली. अखेरीस नारिंगी शंकू पडद्यावर दिसू लागला.

मुलाने आजीची फाइल या नव्या प्लेअरमध्ये उघडली. या वेळी नकार आला नाही. खालची पट्टी सरकू लागली. एक सेकंद, दोन सेकंद, तीन सेकंद. प्लेअर फाइल वाचीत होता यात संशय नव्हता. परंतु स्पीकरमधून चकार शब्द उमटला नाही!

आता मात्र मुलाचा धीर सुटला. त्याने प्लेअरमधला आवाज वाढविला, दोनतीन ठिकाणच्या खुणा बदलल्या, स्पीकरची तार उपटून पुन्हा खोचली. हे सर्व त्याने एका दमात केले. आपण काय काय बदलले, हे त्याचे त्यालाही सांगता येईना.

"थांब, बाळ," आजोबा म्हणाले. "मळ्यात पाण्याची पाळी आपली असावी आणि शेवटच्या वाफ्याला पाणी पोहोचू नये, असे होते तेव्हा शेतकरी काय करतो? सगळा पाट खणून काढतो का? तो विहिरीपासून निघतो आणि पाटाच्या कडेकडेने चालत जातो. पाणी कोठवर आले ते पाहतो. जेथून पुढे कोरडे, तेथेच फट. आवाजाचा पाट कोठून कोठे जातो, ते आधी मला सांगा."

बहिणीने वही घेतली व तीत क्रमाने लिहिले: फाइल, प्लेअर, संगणकाचा आवाज, बाहेर जाण्याची वाट, तार, स्पीकर. मुलाने बदललेल्या खुणा शक्य तितक्या पूर्ववत केल्या. यापुढे एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, तिचा उपयोग झाला नाही तर ती होती तशी करावयाची आणि जे आढळेल ते वहीत लिहावयाचे, असे दोघांनी ठरविले.

पहिली शंका फाइलीची. त्यांनी पूर्वी अनेकदा ऐकलेले एक एमपीथ्री गाणे नव्या प्लेअरमध्ये लावले. तेही मुके. म्हणजे दोष आजीच्या फाइलीत नव्हता.

दुसरी शंका प्लेअरची. तेच गाणे त्यांनी संगणकासोबत आलेल्या जुन्या प्लेअरमध्ये लावले. तेथेही पट्टी सरकली, पण आवाज नाही. दोन निरनिराळे प्लेअर एकाच दिवशी मुके होण्याचा संभव फार थोडा. तेव्हा दोष दोघांच्याही पुढे, दोघांना समान असलेल्या वाटेवर असला पाहिजे.

तिसरी शंका तार व स्पीकर यांची. मुलाने स्पीकरची तार संगणकातून काढून आईच्या मोबाइलमध्ये खोचली व तेथे गाणे लावले. स्पीकर खणखणीत वाजला! तार आणि स्पीकर दोन्ही निर्दोष ठरले. त्याने तार पुन्हा संगणकात खोचली.

बहिणीने वहीतील चार शब्दांवर काट मारली. आता दोनच उरले होते. संगणकाचा आवाज पाहिला. तो बंद नव्हता आणि कमीही नव्हता. मग राहिली ती बाहेर जाण्याची वाट.

संगणकास आवाज बाहेर सोडण्याच्या अनेक वाटा असू शकतात. एक स्पीकरची, एक हेडफोनची, तर एक पडद्याकडे जाणाऱ्या तारेतून असते. एचडीएमआय नावाच्या तारेतून चित्राबरोबर ध्वनीही जातो. यांपैकी कोणती वाट धरावयाची, ते संगणकाच्या यादीत निवडलेले असते. मुलाने ती यादी उघडली आणि तो ओरडला, "सापडले!"

आवाज नव्या पडद्याकडे जात होता. मागच्याच आठवड्यात वडिलांनी जुना पडदा काढून नवा आणला होता व तो एचडीएमआय तारेने जोडला होता. संगणकाने आपण होऊन ती नवी वाट धरली. त्या पडद्यास हेडफोनसाठी खोबण होती, पण त्यात स्पीकर मुळीच नव्हता. आठवडाभर मुलांची परीक्षा चालू असल्यामुळे संगणकावर कोणी गाणे लावले नव्हते आणि म्हणून ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. आवाज इतका वेळ वाहतच होता; तो भलत्याच वाफ्यात चालला होता.

मुलाने यादीतून स्पीकर निवडला. बहिणीने आजीची फाइल पुन्हा लावली.

प्रथम जात्याची घरघर ऐकू आली. मग बांगड्यांचा किणकिणाट, कोणाचे तरी हसणे आणि त्यामागून आजीचा आवाज. आजोबांनी डोळे मिटून घेतले. सात मिनिटे घरात कोणी बोलले नाही.

"आजीचा आवाज टेलिफोनवरून आल्यासारखा का वाटतो?" फाइल संपल्यावर मुलाने विचारले. "नव्या प्लेअरमध्ये तो अधिक स्पष्ट करता येणार नाही का?"

ते शक्य नव्हते. प्लेअरमध्ये आवाज मोठा करता येतो, पण प्रमाणाबाहेर वाढविला तर तो फाटू लागतो. शिवाय मोबाइलने दर सेकंदास आठ हजारच मोजण्या लिहिल्या होत्या. त्यामुळे आवाजातील बारीक छटा मुळातच टिपल्या गेल्या नव्हत्या. जे मुद्रित झालेच नाही, ते कोणताही प्लेअर परत आणू शकत नाही. असलेले जपणे मात्र माणसाच्या हाती असते.

म्हणून त्या रात्री मुलांनी आणखी एक काम केले. एएमआर फाइल वाचणारे प्रोग्राम पुढेमागे दुर्मिळ झाले तर अडचण नको, या विचाराने नव्या प्लेअरच्याच साहाय्याने त्यांनी त्या फाइलीची एक एमपीथ्री प्रत तयार केली. मूळ फाइल मात्र तशीच ठेवली. दोन्ही फाइली पेन ड्राइव्हवर उतरविल्या आणि आत्यासाठी आणखी एक पेन ड्राइव्ह भरून ठेवला. एकाच घरातील एकाच यंत्रात ठेवलेली वस्तू त्या यंत्राबरोबरच नष्ट होऊ शकते, हे बिघडलेल्या मोबाइलने त्यांस शिकविले होते.

महाराष्ट्रातील खेडोपाडी स्त्रिया पिढ्यान्पिढ्या जात्यावर ओव्या म्हणत आल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांतील काही हजार ध्वनिमुद्रितही झाल्या. गिरण्या आल्यावर जाती थांबली व ओव्याही विरत गेल्या. ओवीचे शब्द वहीत उतरून घेता येतात. पण म्हणणारीचा गळा वहीत उतरत नाही. तो जपावयाचा, तर ध्वनिमुद्रण हवे, ते वाचणारे साधन हवे आणि साधन अडले असता न गोंधळता अडचण शोधणारी माणसेही हवीत.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. जेवणे झाल्यावर मुलाने फाइल लावली. ओव्यांत एके ठिकाणी आजीने लेकीचे नाव गुंफले होते. ते ऐकताच आत्याने पदर डोळ्यांस लावला. पुष्कळ वेळाने ती म्हणाली, "इतकी वर्षे हा आवाज कोठे होता रे?"

"येथेच होता, आत्या," मुलगा म्हणाला. "वाट चुकला होता."

बहिणीने वहीचे ते पान फाडून टाकले नाही. संगणकाच्या शेजारी भिंतीवर ते तिने चिकटवून ठेवले. त्यावर सहा शब्द होते आणि त्यांखाली तिने तीन ओळी लिहिल्या होत्या: आधी नक्कल काढावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. जेथवर पाणी आले आहे, तेथून पुढे शोधावे.

अभ्यास

१. आजीची फाइल खराब झालेली नाही, हे आजोबांनी नातवास कसे पटवून दिले?

२. फाइलीचे नाव बदलल्याने ती का वाजली नाही? बहिणीने त्यासाठी कोणता दाखला दिला?

३. इंटरनेटवरील हिरवे बटण मुलांनी का दाबले नाही?

४. स्पीकरची तार मोबाइलमध्ये खोचून पाहिल्याने कोणती गोष्ट सिद्ध झाली?

५. मुलाने प्रथम केलेल्या खटपटीत आणि वही घेऊन केलेल्या शोधात कोणता फरक होता, ते पाचसहा वाक्यांत लिहा.

६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: धीर सुटणे, ध्यानात येणे, चेहरा उतरणे, चकार शब्द न उमटणे.

७. घरातील विजेचा दिवा लागत नाही, अशी कल्पना करा. वीज दिव्यापर्यंत कोणत्या क्रमाने येते ते लिहा आणि दोष कोठे आहे, हे शोधण्यासाठी मोठ्या माणसांस काय काय विचाराल, ते सांगा.

८. घरातील एखाद्या वृद्ध व्यक्तीकडून जुनी ओवी, गाणे किंवा गोष्ट ऐका. ती त्यांच्या आवाजात मुद्रित करा आणि तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा.